गंगोत्रीचे पाणी धुवणासारखे का दिसते?



ज्येष्ठ महिन्यात माझी आजी गंगोत्रीला यात्रेला गेली होती. तिथे तिने आपल्या हाताने नदीचे पाणी एका कॅनमध्ये भरले आणि घरापर्यंत मांडीवर धरून आणले. मग आमच्याकडे मावंदे झाले. कॅन उघडला तर पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, राखाडी. शेजारचे तात्या म्हणाले, "काकी, हे गंगेचं पाणी नव्हं. गटाराचं दिसतंय." काही जणांनी तीर्थ घेतलेच नाही. आजी काही बोलली नाही. तिने कॅन देवघराच्या मागे सरकवून ठेवला आणि ती जेवली पण नाही.

मला लई वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्यातले एक ग्लास पाणी शाळेत नेले आणि गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले ते मी खाली लिहिले आहे.

हिमालयात गंगोत्री नावाची हिमनदी आहे. ती सुमारे 30 किलोमीटर लांब आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. वर्षानुवर्षे बर्फावर बर्फ साचतो, दाबून घट्ट होतो आणि आपल्याच वजनाने उतारावरून खाली सरकतो. तो इतका हळू सरकतो की डोळ्याला दिसत नाही. हिमनदी जिथे संपते त्या जागेला गोमुख म्हणतात. गोमुख सुमारे 4000 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाई शिखराच्या दुपटीहून जास्त उंच. तिथून भागीरथी नदी निघते. गंगोत्रीचे देऊळ गोमुखापासून सुमारे 18 किलोमीटर खाली आहे. पुढे देवप्रयागला भागीरथीला अलकनंदा मिळते आणि मग त्या नदीला गंगा म्हणतात.

आता पाणी गढूळ का ते पाहू. बर्फ तर पांढरा स्वच्छ असतो. पण हिमनदीच्या तळाला दगडगोटे अडकलेले असतात. बर्फ सरकला की ते दगड खालच्या खडकावर घासतात. जात्याच्या दोन पाळ्यांत दाणे भरडतात तसेच हे आहे. फक्त इथे दाण्यांच्या जागी दगडच दळला जातो. त्याचे पिठापेक्षाही बारीक पीठ होते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाणी बर्फाच्या खालून वाहते आणि हे दगडाचे पीठ घेऊन गोमुखातून बाहेर पडते. म्हणून उन्हाळ्यात पाणी जास्त आणि गढूळ असते. थंडीत पाणी कमी होते आणि बरेच स्वच्छ दिसते.

नंतर आम्ही वर्गात प्रयोग केला. एका ग्लासात चिमूटभर वाळू टाकून ढवळली. ती लगेच खाली बसली. दुसऱ्या ग्लासात पाट्याला टाकी लावताना पडलेली भुकटी वस्त्रगाळ करून टाकली. ते पाणी दुसऱ्या दिवशी पण धुरकट होते. तिसऱ्या ग्लासात आपल्या ओढ्याचे पुराचे पाणी घेतले. ते तांबूस दिसले, कारण त्यात माती असते. चौथा ग्लास आजीच्या पाण्याचा. तो दुसऱ्या ग्लासासारखा दिसला, फक्त रंग जास्त पांढुरका. चार दिवसांनी वरचे पाणी नितळ झाले आणि तळाला राखेसारखा पातळ थर बसला.

गुरुजींनी तो थर भिंगातून दाखवला. त्यात बारीक चमकणारे कण होते. ते अभ्रकाचे कण आहेत. हिमालयाच्या खडकात अभ्रक पुष्कळ असते. आपल्या काळ्या दगडात असे अभ्रक नसते. म्हणजे हा गाळ आपल्या भागातला नाही, गटारातला तर नाहीच.

पण गुरुजींनी एक गोष्ट बजावून सांगितली. पाण्याचा रंग बघून पाणी चांगले की वाईट हे ठरवू नये. जंतू भिंगातून पण दिसत नाहीत. म्हणून नदीचे पाणी कोणतेही असो, प्यायचे असेल तर उकळून प्यावे. मी हे आजीला सांगितले. ती म्हणाली, "बरं बाई, उकळू. पण पाणी गंगोत्रीचंच हाय ना?" मी म्हटले, "हो गं आजी, अगदी गंगोत्रीचंच!" मग ती हसली.

या दगडाच्या पिठाचा फायदा आहे तसा तोटा पण आहे. नदीने आणलेल्या गाळानेच गंगेचे सुपीक मैदान तयार झाले. पण विजेच्या केंद्रात हा गाळ गेला तर टर्बाइनची पाती झिजतात. कारण त्यातले कण फार कठीण असतात.

एक काळजीची गोष्ट. पृथ्वी तापत चालली आहे, म्हणून गोमुख मागे सरकत आहे. 1935 पासून ते एक किलोमीटरपेक्षा जास्त मागे गेले आहे.

चारही ग्लास या भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर ठेवले आहेत. कृपया हलवू नयेत, नाहीतर गाळ वर येईल. भिंग गुरुजींकडे मिळेल. 15 ऑगस्टला माझी आजी तिथेच बसणार आहे. तात्यांनी पण येऊन बघावे ही विनंती.

सांगा पाहू:
1) वाळू लगेच खाली बसते, पण दगडाचे पीठ का बसत नाही?
2) गोमुखाजवळ सकाळी नदीला पाणी कमी आणि संध्याकाळी जास्त का असते?

इयत्ता चौथी