आधी डिस्क, मग बोर्ड

चि. सायलीस,


तुझा बेत वाचून आनंद झाला. घरातले फोटो, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग, जमिनीचे कागद हे सगळं परक्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवण्यापेक्षा आपल्या घरात ठेवायचं, हे मला मनापासून पटतं. पण तुझ्या खरेदीच्या यादीत सगळ्यात वर १६ जीबीचा रास्पबेरी पाय ५ बोर्ड आहे आणि सगळ्यात खाली, 'जमलं तर', दुसरी हार्ड डिस्क. ही यादी उलटी कर.

फाइली साठवणाऱ्या सर्व्हरला डोकं फार चालवावं लागत नाही. नेटवर्कवरून आलेला डेटा डिस्कवर ठेवायचा आणि मागितला की परत द्यायचा, एवढंच त्याचं मुख्य काम. म्हणून गिगाहर्ट्‌झ नंतर बघ. लॅनचं पोर्ट किती वेगाचं आहे आणि डिस्क कोणत्या वाटेने जोडली जाते, हे आधी बघ. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली सावकाशच भरते. २०१६ च्या पाय ३ वर लॅन १०० मेगाबिटचं होतं आणि ते आणि डिस्क दोन्ही एकाच यूएसबी २ वर लटकलेले. सेकंदाला फार तर ११ एमबी. तुझा २०० जीबीचा संग्रह चढवायला पाच तास. २०१८ च्या ३ बी प्लसच्या खोक्यावर गिगाबिट आलं, पण वाट तीच राहिल्यामुळे वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडकला. २०१९ च्या पाय ४ ला खरं गिगाबिट लॅन आणि यूएसबी ३ मिळालं, आणि तिथून हा बोर्ड या कामाचा झाला. डिस्क साथ देत असेल तर तेच २०० जीबी पाऊण तासाच्या आत चढतात. मात्र राउटरला केबलनेच जोड, वायफायवर सर्व्हर ठेवू नकोस.

तुम्ही घरातली चार माणसं फाइली-फोटो ठेवायला नेक्स्टक्लाउड हे सॉफ्टवेअर वापरणार. त्याला ४ जीबीचा पाय ४ पुरतो. फोटोंतले चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तरच ८ जीबीच्या पाय ५ चा विचार कर. १६ जीबीचे पैसे मला वाया वाटतात.

आता विजेकडे नीट लक्ष दे, कारण 'डिस्क मध्येच गायब होते' या तक्रारीमागे बहुतेक वेळा डिस्क खराब नसते, तिला वीज कमी पडत असते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतो, आणि अडीच इंची डिस्क फिरायला लागतानाच एका अँपिअरच्या जवळ खेचू शकते. म्हणजे दोन डिस्क बोर्डाच्या जिवावर चालणार नाहीत. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा साधा चार्जर लावलास तर बोर्ड यूएसबीची वीज ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्टच लागतात. तेव्हा स्वतःचा अडॅप्टर असलेलं केसिंग घे. आणि एक छोटा यूपीएसही घे, यूएसबीने बोर्डाला कळवणारा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज कशी जाते ते मी तुला सांगायला नको. डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेली तर नुकसान डिस्कचं नाही, आतल्या नोंदींचं होतं, आणि ते कधीकधी महिन्याने लक्षात येतं. वीजबिलाची मात्र काळजी नको: सगळं मिळून १० वॉट धरलेस तरी वर्षाला ८८ युनिटच्या आत.

ऑपरेटिंग सिस्टिम एसडी कार्डावर ठेवू नकोस. सतत लिहून लिहून ती कार्डं झिजतात. छोट्या एसएसडीवरून बोर्ड सुरू कर.

तुझा मित्र जुना ओड्रॉइड एचसी२ बोर्ड स्वस्तात देतोय म्हणतेस. बांधणी सुरेख आहे त्याची: डिस्क ज्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसते तीच उष्णता बाहेर टाकते आणि बोर्ड व डिस्क एकाच १२ व्होल्टवर चालतात. पण प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि सॉफ्टवेअरवाले ३२ बिटचा आधार काढून घेताहेत. घरचा सर्व्हर इंटरनेटशी जोडलेला असणार. ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत तो बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. नवा बोर्ड निवडतानाही याच कसोटीवर मी रास्पबेरी पाय पुढे ठेवतो. त्याच किमतीत कागदावर जास्त ताकद दाखवणारे बोर्ड आहेत, पण त्यांतले कित्येक कंपनीने एकदाच बनवून दिलेल्या जुन्या कर्नेलवर अडकून पडतात. बाहेरून फोटो बघायचे तर राउटरची पोर्टं उघडत बसू नकोस, टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन वापर.

आणि दुसरी डिस्क. दोन डिस्क रेडमध्ये जोडल्या की झालं, असं तू लिहिलं आहेस. रेडमुळे एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरी डिस्क वेगळी ठेव, दर आठवड्याला तिच्यावर प्रत काढ आणि तिला कपाटात टाक. तिसरी प्रत माझ्याकडे पाठव, मी सांभाळतो. आजीचा आवाज पुन्हा कोणी रेकॉर्ड करू शकणार नाही, सायली. तेव्हा या महिन्याच्या पगारातून आधी ती दुसरी डिस्क मागव आणि रेकॉर्डिंगची प्रत काढून घे; बोर्ड पुढच्या महिन्यात घेतलास तरी चालेल.

तुझा,
मामा