धावफलकामागचा खेळाडू : एकनाथ सोलकर

अमेरिकेत बेसबॉलच्या उत्कृष्ट क्षेत्ररक्षकांना १९५७ पासून ‘गोल्ड ग्लोव्ह’ हे पारितोषिक मिळते. तेथील क्षेत्ररक्षक हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह घालतो. आपल्या एकनाथ सोलकरांनी उघड्या हातांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. किमान वीस कसोटी खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडले तर, झेलांची एवढी सरासरी कोणाचीच नाही. तरी आपल्या गप्पा धावा आणि बळींपुढे जात नाहीत!

सोलकरांचा जन्म मुंबईचा, १८ मार्च १९४८ चा. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. कुटुंब तेथेच एका खोलीत राही, आणि सामने असले की लहानगा एकनाथ धावफलकावरचे आकडे बदली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून असेल, शतकापेक्षा हा तपशील मला मोठा वाटतो.

१९६९ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. त्यांची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे फलंदाजापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर. डोक्यावर हेल्मेट नाही. फिरकी चेंडू बॅटला, पॅडला लागून जेमतेम वर उडतो. तो टिपायचा तर फटक्याच्या भीतीने मान फिरवून चालत नाही. बेलवलीत आम्ही टेनिस बॉलने खेळतो, तरी त्या जागी उभे राहायला कोणी तयार नसतो. शिवाय असा माणूस समोर असला की फलंदाज पाय पुढे टाकताना कचरतो. हा लाभ मात्र कोणत्याच रकान्यात मांडला जात नाही.

ऑगस्ट १९७१ मधील ओव्हल कसोटी पाहा. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरांचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना पाठ आहेत. पण पहिल्या डावात ९० धावा करणारा ॲलन नॉट या वेळी एका धावेवर गेला, तो वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरांनी पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेल्या झेलामुळे. फ्लेचरचा झेलही त्यांचाच. याच सामन्यात त्यांनी ४४ धावा काढल्या, तीन बळीही घेतले. भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेली ही पहिली कसोटी.

१९७५ मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी १०२ धावा केल्या. कसोटीतले ते त्यांचे एकमेव शतक. जानेवारी १९७७ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले. २६ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले.