दुकानासमोरची नाली कोणाची? नगर परिषदेत कुठं जायचं, काय मागायचं

दुकान टाकलं की पहिल्याच पावसाळ्यात नगर परिषदेशी गाठ पडते. म्हणून आज तिचा कारभार समजून घेऊ.

समजा, भंडाऱ्यात तुमचं नाश्त्याचं दुकान आहे आणि समोरची नाली तुंबली. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून पुढं निघून जातं. आपण काय करतो? ओळखीच्या नगरसेवकाला फोन. ते "सांगतो" म्हणतात, आठवडा जातो, धंदा बुडतो तुमचा.

१९६५ च्या नगरपरिषद कायद्यात दोन बाजू आहेत बघा. नगराध्यक्ष आणि नगरसेवक आपण निवडतो. ठराव आणि बजेट त्यांच्या सभेत मंजूर होतं. मुख्याधिकारी राज्य सरकार नेमतं. रोजचं काम आणि कर्मचारी त्यांच्याकडे. म्हणजे नाली साफ करायची तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं. नवी बांधायची तर बजेटमध्ये पैसा हवा. तिथं नगरसेवकाच्या मागं लागा, तेही १ एप्रिलच्या बरंच आधी. मे महिन्यात गेलात तर बजेट होऊन गेलेलं असतं.

अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. लाजू नका, ही पोच मागून घ्यायचीच.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. पण "काम का केलं नाही?" असं भांडण त्यात लिहू नका. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या" असं मागा. कागद मागितला की टोलवणं अवघड जातं.

नळजोडणी किंवा दाखल्याचं वेगळं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, त्याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. सबळ कारण नसताना उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हातगाडीवाल्यांनो, तुमच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. तुमचं प्रमाणपत्र जपून ठेवा.