दुखण्याचे औषध मध्येच संपू नये
कर्करोगाच्या असह्य वेदनेवर मॉर्फिन हे गुणकारी औषध होय. १९८५ च्या कायद्याने ते दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांस ते ठेवणे सुलभ झाले. तथापि पुढील भेटीपूर्वीच गोळ्या संपल्या, तर रोगी रात्रभर तळमळतो. यास्तव तीन गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली, गोळी नेमल्या वेळी द्यावी. कळ उठण्याची वाट पाहू नये. दुसरी, मध्येच कळ उठल्यास काय द्यावे, हे डॉक्टरांस आधीच विचारून लिहून घ्यावे; आपण होऊन मात्रा वाढवू नये, व औषध एकाएकी बंदही करू नये. तिसरी, आठवड्यापुरत्या गोळ्या उरताच रुग्णालयास कळवावे. वेदना लपविणे म्हणजे धीर नव्हे.