वादळाचें गणित

पाऊस केव्हां पडेल, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. आपले पूर्वज मृग, आर्द्रा, पुनर्वसु अशीं नक्षत्रें मोजीत, आणि यंदा नक्षत्राचें वाहन बेडूक आहे कीं कोल्हा आहे हें पंचांगांत पाहून पावसाची आशा करीत. हवामानशास्त्रज्ञ आजहि तोच प्रश्न विचारतात. परंतु त्याचें उत्तर ते गणितांत शोधतात. आकाशासारखी चंचल वस्तु गणिताच्या चौकटींत कशी बसविली जाते, व ती तेथें पूर्णपणें कां बसत नाहीं, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हवा हा एक पदार्थ आहे. ती तापली म्हणजे प्रसरण पावून वर चढते, वर गेली म्हणजे थंड होते, आणि तिच्यांतील बाष्पाचे जलबिंदु बनतात. जेथें वायुभार अधिक असतो तेथून ती कमी भाराच्या प्रदेशाकडे वाहूं लागते व पृथ्वीच्या भ्रमणामुळें वाटेंत वळते. या सर्व क्रिया भौतिकशास्त्राच्या ठरीव नियमांनीं चालतात. म्हणून नॉर्वेचे शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनीं १९०४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, वातावरणाची आजची स्थिति पुरेशी अचूक कळली आणि तिचे नियम ठाऊक असले, तर उद्यांची स्थिति गणितानें काढतां आली पाहिजे.

हें गणित प्रत्यक्ष करून पाहण्याचें साहस लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थानें केलें. हे युद्धाचे विरोधक होते. तथापि पहिल्या महायुद्धांत त्यांनीं फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी चालविण्याचें काम पत्करलें. त्या धामधुमींतच फावल्या वेळीं त्यांनीं आपलें गणित चालविलें. युरोपच्या नकाशावर सुमारे दोनशें किलोमीटरांचे चौकोन आंखून, २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदींवरून, त्यांनीं पुढील सहा तासांत वायुभार किती बदलेल तें काढलें. उत्तर आलें १४५ मिलिबारची वाढ! त्या दिवशीं प्रत्यक्षांत वायुभार जवळजवळ स्थिर होता.

दुसरा कोणी असता तर त्यानें तीं पानें फाडून टाकिलीं असतीं. रिचर्डसन यांनीं तें चुकलेलें उत्तर १९२२ सालीं आपल्या ग्रंथांत जसेंच्या तसें छापलें. त्यांच्या या सचोटीचें फळ पुढील संशोधकांस मिळालें. आयर्लंडचे पीटर लिंच यांनीं तेंच गणित पुन्हां तपासलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, पद्धतींत मूलतः दोष नव्हता. आरंभींच्या नोंदींत वारा व वायुभार यांचा परस्परांशीं मेळ नव्हता. तो मेळ घालून दिल्याबरोबर उत्तर सयुक्तिक येऊं लागलें. पद्धत तशीच ठेवून नोंदी नीट केल्या एवढाच काय तो फरक!

दुसरी अडचण वेळेची होती. हवा जितक्या वेगानें बदलते तितक्या वेगानें गणित करण्यास ६४,००० गणिती माणसें बसवावीं लागतील, असा रिचर्डसन यांचा अंदाज होता. हें काम अखेर यंत्रानें अंगावर घेतलें. १९५० सालीं अमेरिकेंत चार्नी, फ्योर्टोफ्ट व फॉन नॉयमन यांनीं एनिआक नांवाच्या संगणकावर चोवीस तासांपुढील अंदाज काढला. त्यास सुमारें चोवीसच तास लागले. म्हणजे यंत्र आणि आकाश बरोबरीनें धांवलें! वृद्ध रिचर्डसन यांना हें वृत्त कळलें व त्यांनीं त्या मंडळींचें अभिनंदन केलें.

यंत्र जसजसें वेगवान होईल तसतसे वर्षभरापुढील दिवसाचेहि अंदाज अचूक होतील, असें कित्येकांस वाटूं लागलें. हा भ्रम एडवर्ड लॉरेन्झ यांनीं दूर केला. १९६१ सालीं त्यांनीं एक गणित मधूनच पुन्हां सुरू केलें आणि ०.५०६१२७ या संख्येऐवजीं कागदावर छापून आलेली ०.५०६ ही संख्या यंत्रास दिली. फरक नगण्य होता. पण थोड्याच वेळांत नव्या गणिताचें हवामान पहिल्याहून सर्वस्वीं निराळें झालें. १९६३ सालीं त्यांनीं हा सिद्धांत प्रसिद्ध केला. आजची स्थिति आपण कितीहि काळजीपूर्वक मोजली तरी तींत लहानशी उणीव राहणारच, आणि ती उणीव दिवसेंदिवस वाढत जाऊन सुमारें दोन आठवड्यांत सारा अंदाज व्यापून टाकते.

यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय मोठा शहाणपणाचा आहे. ते एकच गणित न करतां, आरंभींच्या आंकड्यांत किंचित् किंचित् फरक करून अनेक गणितें करतात. पन्नासांपैकीं पंचेचाळीस गणितें वादळास एकाच किनाऱ्यावर आणूं लागलीं तर विश्वास वाढतो; तीं चोहोंकडे पांगलीं तर सावधपणें बोलावें लागतें. पावसाची शक्यता शेंकडा अमुक, असें सांगण्याची जी पद्धत आहे तिच्यामागें हा विचार असतो.

तरीहि कांहीं संकटें गणिताच्या जाळ्यांतून निसटतात. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरांतील कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटर! शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. असें कां व्हावें? गणिताचा चौकोन शंभर किलोमीटरांचा असला तर त्या चौकोनास पावसाचा एकच आंकडा मिळतो. कुलाबा आणि सांताक्रूझ हीं त्यास एकच गांव वाटतात. गर्जणारा मेघ तर थोड्याच किलोमीटरांचा असतो. म्हणून चौकोन लहान करण्याची खटपट चालू आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत तयार झालेल्या व मे २०२५ मध्यें सुरू झालेल्या भारतीय पद्धतींत तो सहा किलोमीटरांवर आला आहे.

संशोधकाचा दिवस कसा जातो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. तो नेहमींच वादळाच्या मागें धांवत नसतो. सकाळीं व सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास आकाशांत सोडलेल्या फुग्यांनीं पाठविलेलें उष्णमान व आर्द्रता, रडारनें पाहिलेले मेघ, उपग्रहाचीं चित्रें, हें सर्व तो गणिताच्या उत्तराशीं ताडून पाहतो. जेथें मेळ बसत नाहीं तेथें थांबून, एक वेळीं एकच गोष्ट बदलून, तो पुन्हां गणित करतो. महिन्यांमागून महिने याप्रमाणें जातात, आणि पुष्कळदां हातीं एवढेंच येतें कीं आपली कल्पना बरोबर नव्हती.

या कष्टांचें मोल ओरिसाच्या किनाऱ्यावर पाहावें. ऑक्टोबर १९९९ मधील महाभयंकर चक्री वादळांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. सूचना मिळाली नव्हती असें नव्हे. पण निवारे थोडे होते, आणि वादळ नेमकें कोठें येईल याचें ज्ञान आजच्याइतकें नव्हतें. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच प्रांतांत गोपाळपूरजवळ फायलिन नांवाचें प्रचंड वादळ आदळलें. त्यापूर्वींच सुमारें दहा लक्ष लोक सुरक्षित जागीं नेण्यांत आले होते; मृतांची संख्या पन्नासांहून कमी राहिली. यांत केवळ गणिताचा विजय नाहीं. निवारे बांधणारे, दारोदार जाऊन निरोप देणारे आणि त्या निरोपावर विश्वास ठेवून घर सोडणारे, या सर्वांचा तो विजय आहे.

हा विश्वास फार नाजूक असतो. दहा वेळां वादळाची हूल उठविली तर अकराव्या वेळीं कोळी आपली होडी समुद्रांत लोटील; आणि एकदां मौन पाळलें तर ती होडी परत येणार नाहीं. म्हणून जितकें ठाऊक असेल तितकेंच सांगावें, आणि तें वेळेवर सांगावें, हा या शास्त्राचा धर्म ठरला आहे. आपल्या शाळेंत पर्जन्यमापकाचें पात्र रोज मोजणाऱ्या मुलानें तो आंकडा खरा लिहावा. कारण सर्व गणिताचा आरंभ अशाच एका आंकड्यापासून होतो.