उताराचं दुखणं

१. मी चढाला घाबरत होतो आणि दगा दिला उताराने. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची वाटच तशी: यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं, एकूण २१ किलोमीटर. चढ निमूट पार पडला. परतीच्या घाटात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तापलेली सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. शेवटचे चार किलोमीटर पाय काठीसारखा ताठ ठेवून उतरलो. एका आजींनी विचारलं, "पाणी देऊ का, बाळा?" बाळाचं वय ४७.

२. गुडघा दुखतो म्हणजे गुडघाच बिघडलाय, असं नसतं. मी घरी 'झीज झाली' असं जाहीरही करून टाकलं होतं. निघालं भलतंच: आयटी बँड. खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालच्या हाडापर्यंत जाणारा जाड, चिवट पट्टा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की तो खालच्या भागावर दाबतो; म्हणून जिना चढताना ठीक आणि उतरताना कळ. 'बँड वाजला' हा विनोद ऑफिसात प्रत्येकाने स्वतःचाच म्हणून केला.

३. जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण येतो, ही माझी जुनी श्रद्धा. फोम रोलर आणला आणि महिनाभर गुडघ्याच्या नेमक्या त्याच जागी रगडला. हा पट्टा रोलरने लांब होत नाही, हे नंतर कळलं. कार्डिफच्या शरीररचना अभ्यासकांनी तर २००६ सालीच दाखवलं होतं की तो मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेला असतो आणि त्याच्याखाली चरबीचा नाजूक थर असतो. आधीच दाबला जाणारा तो थर मी आणखी चेपत होतो, तोही पैसे मोजून.

४. खरा आळशी निघाला खुबा. फिजिओने आरशासमोर उजव्या पायावर उभं केलं आणि माझी डावी कंबर खाली घसरली. इतकी वर्षं धावतोय, पण स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक्सन यांनी २००० साली अशाच २४ धावपटूंकडून सहा आठवडे खुब्याचे व्यायाम करून घेतले. त्यातले २२ जण न दुखता धावायला लागले. व्यायाम अगदीच बिनरुबाबाचा: डाव्या कुशीवर पडायचं, उजवा पाय सरळ वर उचलायचा, सावकाश खाली आणायचा. आई दारातून बघून म्हणाली, "शेषशायी झालाय नुसता! आता पाय चेपायला लक्ष्मी बोलवायची का?" लक्ष्मीने स्वयंपाकघरातून भांडं आपटून उत्तर दिलं.

५. विश्रांतीने दुखणं थांबतं, कारण नाही जात. तीन आठवडे बसलो, चौथ्यात उत्साहाने दहा किलोमीटरला निघालो आणि तिसऱ्यालाच सुई हजर.

६. रमतगमत धावणं सोपं, हाही भ्रमच. या दुखण्यात कधीकधी जरा वेगाने धावलेलं सोसतं, कारण पाऊल टेकताना गुडघा जास्त वाकलेला असतो. म्हणून सपाटीवर, दिवसाआड, थोडंथोडं. परवा मात्र राहवलं नाही, यवतेश्वर चढलो. वर पोचल्यावर बामणोलीहून येणाऱ्या एसटीला हात केला. कंडक्टरने बुटांकडे बघत विचारलं, "दमलात का?"

"हो," म्हणालो. उतार समजावून सांगायला स्टँडपर्यंतचा वेळ पुरला नसता.