अज्ञात निदरीतून नदीप्रवास : मेजर पॉवेल यांची कोलोरॅडो मोहीम

एखाद्या नदीचा वरचा भाग ठाऊक असावा, मुखही ठाऊक असावे, परंतु मधल्या शेकडो मैलांत ती कोठून व कशी वाहते हे नकाशात कोरेच असावे, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची होती. ही उणीव भरून काढण्याचे कार्य जॉन वेस्ली पॉवेल या भूविज्ञानाच्या अध्यापकाने 1869 साली हाती घेतले. यादवी युद्धात, 1862 मधील शायलोच्या लढाईत, त्यांनी उजवा हात गमावला होता. खवळलेल्या प्रवाहातून होड्या नेण्याची ही मोहीम त्यांनी एका हाताने पार पाडली.

मोहिमेची सिद्धता

24 मे 1869 रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या रेल्वेस्थानकाजवळून दहा जणांची तुकडी चार होड्यांसह निघाली. ग्रीन ही कोलोरॅडोची उपनदी होय. तीन होड्या ओक लाकडाच्या, प्रत्येकी 21 फूट लांबीच्या होत्या. चौथी हलकी, 16 फुटांची होडी पुढे राहून मार्ग पाहण्यासाठी होती. पाणी शिरले तरी होडी बुडू नये म्हणून दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे ठेवले होते. दहा महिने पुरेल एवढी शिधासामग्री बरोबर होती आणि एक होडी गेली तरी सर्वनाश होऊ नये म्हणून ती विभागून भरण्यात आली होती.

द्रुतवाह कसा निर्माण होतो?

ग्रँड कॅन्यनमधील बहुतेक द्रुतवाह बाजूच्या ओढ्यांच्या मुखाशी आढळतात. अतिवृष्टीत हे ओढे प्रचंड शिलाखंड मुख्य पात्रात आणून टाकतात. पात्र अरुंद होते, वरच्या बाजूस पाणी तुंबून संथ दिसते आणि पुढे तेच पाणी वेगाने खाली झेपावते. बुडालेल्या खडकामागे पाणी उलटे फिरते व होडीला धरून ठेवते. म्हणून संथ पाणी ही सुरक्षिततेची खूण नव्हे. कित्येकदा ती पुढील संकटाची पूर्वसूचना असते.

यावर पॉवेल यांची पद्धत साधी होती. गर्जना ऐकू येताच होड्या काठाला लावाव्यात, खडकावर चढून प्रवाह न्याहाळावा आणि मगच निर्णय घ्यावा. धोका फार असेल तर सामान उतरवून होडी दोरांनी हळूहळू खाली सोडावी, अथवा खांद्यावरून वाहून न्यावी. हे काम अत्यंत कष्टाचे होते. मात्र जेथे दोन्ही बाजूंना उभे कडे असत व पाय ठेवण्यास काठच नसे, तेथे प्रवाहात झोकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातून वल्हेकरी प्रवाहाकडे पाठ करून वल्हवीत असल्याने समोरचे खडक त्यांना दिसत नसत.

एक चूक, एक धडा

जूनमध्ये, लोडोर निदरीत, ‘नो नेम’ ही होडी खडकावर आदळून फुटली. त्यातील तिघे वाचले, परंतु बराच शिधा गेला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की सर्व वायुभारमापके अनवधानाने त्याच एका होडीत ठेवली गेली होती. या उपकरणाने नदीची समुद्रसपाटीपासूनची उंची कळे आणि त्यावरून पुढे किती उतार शिल्लक आहे याचा अदमास बांधता येई. दुसऱ्या दिवशी होडीच्या अवशेषांतून ती उपकरणे मिळाली, म्हणून मोहिमेचे शास्त्रीय कार्य चालू राहिले. अन्न विभागून ठेवण्याची दक्षता घेणाऱ्यांकडूनही ही चूक घडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वियोगाचा प्रसंग

जुलैमध्ये एक सदस्य मोहीम सोडून गेला. 13 ऑगस्टला तुकडी ग्रँड कॅन्यनमध्ये शिरली, तेव्हा केवळ महिन्याभराचा शिधा उरला होता. तोही मुख्यतः बुरसलेले पीठ, सुकी सफरचंदे व कॉफी. 27 ऑगस्टला समोर असा द्रुतवाह आला, की पाहणी करूनही सुरक्षित वाट दिसेना. दुसऱ्या दिवशी ओरॅमेल व सेनेका हाउलँड हे बंधू आणि विल्यम डन यांनी कडा चढून वस्तीकडे जाण्याचा निर्णय घेतला. उरलेल्या सहा जणांनी लहान होडी तेथेच सोडली व दोन होड्यांनी तो द्रुतवाह सुखरूप ओलांडला. 30 ऑगस्टला ते व्हर्जिन नदीच्या संगमाशी वस्तीजवळ पोहोचले. कडा चढून गेलेले तिघे मात्र कधीच परतले नाहीत; ते वाटेत मारले गेले. ज्यांनी सुरक्षित वाटणारा मार्ग निवडला, त्यांच्याच वाट्याला मृत्यू आला. तरीही त्यांचा निर्णय भ्याडपणाचा म्हणता येणार नाही. पुढची वाट कोणालाच ठाऊक नव्हती.

प्रवासातून धोरणाकडे

1871-72 मध्ये पॉवेल यांनी दुसरी मोहीम काढली. त्यानंतर 1878 मध्ये सादर केलेल्या अहवालात त्यांनी दाखवून दिले, की वर्षाकाठी 20 इंचांहून कमी पाऊस असलेल्या प्रदेशात सिंचनावाचून शेती भरवशाची नसते. पुढे पाणलोट क्षेत्र हाच कारभाराचा घटक मानावा, असाही आग्रह त्यांनी धरला. 1893 साली लॉस एंजेलिस येथील सिंचन परिषदेत, उपलब्ध जमिनीस पुरेल इतके पाणी नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडविली. 1922 मध्ये या नदीचे पाणी वरच्या व खालच्या खोऱ्यांत वाटणारा करार झाला, तो नदीच्या प्रवाहाचा अंदाज वाजवीपेक्षा अधिक धरून. 2021 मध्ये, इतिहासात प्रथमच, खालच्या खोऱ्यासाठी अधिकृतपणे पाणीटंचाई जाहीर करावी लागली.

आपल्याकडेही गावाची शीव आणि ओढ्याची शीव एक नसते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह गावच्या ओढ्याचा माग वरपर्यंत घ्यावा आणि पंचायत सदस्यांनी त्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखावे. आपल्या पाण्यावर वरच्या कोणकोणत्या गावांचा हात आहे आणि आपल्या कृतीचा परिणाम खाली कोणाला भोगावा लागतो, हे त्यातून स्पष्ट होईल. नदीचे नियोजन करण्यापूर्वी नदी पायांखाली घालावी लागते, हाच या प्रवासाचा बोध होय.